जहाज नसलेला गुरुवार

आमच्याकडे वार जहाजांवरून ठरतात.
मंगळवारी दोन, शुक्रवारी एक,
रविवारी येतं ते एवढं थोरलं
की चर्चची घंटा त्याच्या पाठीवर आपटून परत येते.
काताकोलोत उरलेल्या दिवसांना नाव नाही.
त्या दिवशी आम्ही झोपतो.

मी एव्दोकिया. धक्क्यापासून चाळीस पावलांवर माझी कॉफीची टपरी.
उतरणारी माणसं मी चालीवरून ओळखते:
एक, छातीवर नंबर चिकटवून बसकडे निघालेली,
आणि दुसरी, आपली आपण निघालेली.
दुसऱ्यांच्या हातात कागद असतो.

त्या शुक्रवारी तो बापाच्या हातात होता.
पोलंडचे असावेत. म्हातारीला सगळे बाबचा म्हणत होते
आणि तिच्यासाठी थांबत होते,
थांबत नसल्यासारखं दाखवून.
बापानं विचारलं, ट्रेन?
म्हटलं, आज नाही.
त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
दोघांतलं कोणीतरी खोटं बोलत असल्यासारखं.

मग घड्या उलगडून टेबलावर पसरला तो कागद,
वाऱ्यासाठी वर माझी मीठदाणी.
८:४० उतरणे. ९:१५ गाडी. १०:०५ काहीतरी.
अक्षरं मला कुठली कळायला?
पण आकडे त्यांचे-आमचे एकच,
आणि समासात पोरीनं चित्रं काढलेली:
इंजिन, तीन खांब, आईस्क्रीम,
साडेअकराच्या पुढे एक खुर्ची.
सगळ्यात खाली जहाज. साडेपाच.
त्याखाली तीन रेघा, तिसरीनं कागद फाटलेला.

बायको काहीतरी बोलली. मुलगा काहीतरी बोलला.
भाषा येत नसली तरी भांडण समजतं,
विशेषतः हळू आवाजातलं.
तेवढ्यात म्हातारीनं खुर्ची ओढली,
बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले,
आणि समुद्राकडे तोंड करून बसली.

पोरीनं पेन्सिल काढली.
साडेअकरा खोडलं,
लिहिलं, ९:२०.

पुढचं सोपं होतं. माझ्या दिराची टॅक्सी आहे.
लांब्रोस साठ म्हणाला, मग ते जोडून ठेवलेले बूट पाहिले,
पन्नास म्हणाला.
बाप नि मुलगा गेले खांब बघायला,
आई नि पोर पाण्यात,
बाबचा माझ्यापाशी.
आम्ही दोघी शेंगा निवडत बसलो.
दोन तासांत ती एकदाच हलली:
माझ्या ढिगातली एक शेंग उचलून
तिचा राहिलेला दोर मला दाखवला.

चारला बाप परतला, मान भाजून लाल.
फोनवर बायकोला दाखवत होता,
पडलेल्या दगडांमधून धावणारा मुलगा,
हललेला, अर्धा चौकटीबाहेर.
तिनं तो फोटो किती वेळ धरून ठेवला हातात.

मी इथून अर्ध्या तासावर जन्मले.
ऑलिंपियाला गेले एकदाच, सहावीत, शाळेबरोबर.
लक्षात आहे ते एवढंच की सँडलचा पट्टा तुटला
आणि मी दिवसभर एक पाय घासत चालले.
कोणाचं देऊळ, कोणाची शर्यत, काही नाही.
नंतर लग्न, नंतर टपरी, नंतर जहाजं.

साडेपाचला भोंगा झाला.
टेबल पुसताना पाहिलं, मीठदाणीखाली कागद तसाच.

पुढच्या गुरुवारी जहाज नाही.
सोतिरीसला सांगितलं, जायचं आपण.
पंधरा वर्षांचा आहे. म्हणाला, कुठे?
गुरुवारी ट्रेन तरी आहे का?
नाही, ते मलाही माहीत आहे.

कागदाच्या पाठीवर लिहायला बसले आहे.
९:०० उठणे. खोडलं. १०:००.
खुर्ची काढून झाली, जरा तिरकी आली.
मधलं सगळं भरेल कसंही.
सगळ्यात खाली मात्र अडलंय.
आम्हाला टाकून निघून जाणारं काहीच नाही त्या दिवशी,
मग साडेपाचच्या पुढे काय काढायचं
ते सुचत नाही.